विरजणातली वाटणी

ज्यांचे सोयरे हैदराबादला आहेत त्यांना गौलीगुडा सांगायला नको. इमलीबनातले मोठे बसस्थानक १९९४ साली सुरू झाले. त्याआधी आपल्या भागातून निघालेली गाडी गौलीगुड्यालाच लागायची. निजामाच्या राजवटीत १९३२ साली अवघ्या २७ गाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू झाली, तिच्या काळापासूनचे ते लोखंडी अर्धगोल छप्पर. २०१८ च्या जुलै महिन्यात ते कोसळले. जवळच जांबागेत १९०७ सालची विवेकवर्धिनी, एका अंगाला मुसा नदी, नदीच्या अलीकडेच उस्मानिया दवाखाना. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी या चारही बोली एकाच जिन्यावर ऐकू येतात अशी ही वस्ती.

तिच्या नावातच गवळी आहे. कन्नडातही गौळी म्हटले की दूधवालाच डोळ्यांपुढे येतो. तेव्हा गौलीगुड्यात राहणाऱ्या आमच्या आत्याकडे दह्याची चर्चा निघावी यात नवल नाही. आपण विरजण म्हणतो, बीदरकडची सून हेप्पु म्हणते आणि आत्याची तेलुगू शेजारीण तोडु म्हणते. तोडु म्हणजे सोबत. कोमट दुधाला चमचाभर दह्याची सोबत दिली की सकाळी पातेलेभर दही होते. चमच्यातले जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात असे धरले, तर आठ तासांत एकाचे ६५,५३६ होतील. हे गणित आत्याच्या नातवाला शाळेत शिकवलेले होते. त्याचा प्रश्न पुढचा होता.

"आजी, एकाचे दोन होताना त्यांची वाटणी कोण करून देतं?"

आत्या म्हणाली, "बाबा रे, तुझ्या पणजोबांच्या वाटणीला पाच पंच बसले होते, तरी विहिरीचं भांडण राहिलंच."

सगळे हसले आणि विषय बदलला. प्रश्न मात्र चांगला होता आणि त्याचे पुरते उत्तर शास्त्रज्ञांनाही अलीकडेच मिळू लागले आहे. आपल्या घरांशी, औषधांच्या डब्याशी आणि आपल्या मांजरा नदीशीही त्याचा संबंध आहे. म्हणून या वेळच्या सदरात तोच विषय घेतो.

लाडू मोडून दोन वाटे केले तर दोन्ही वाट्यांत तेच सारण येते. जीवाणूचे तसे नाही. त्याच्या पेशीत नाना प्रथिनांचे हजारो कण असतात, ते थोडेफार कमीजास्त वाटले गेले तरी चालते. पण बहुतेक जीवाणूंच्या घरात मूळ वही एकच असते. ही वही म्हणजे गुणसूत्र, डीएनएचा लांबलचक धागा. ज्या लेकीच्या वाट्याला वही आली नाही ती रिकामी राहते, वाढत नाही, मरते. म्हणून आधी वहीची नक्कल व्हायला हवी आणि मग मूळ एकीकडे, नक्कल दुसरीकडे असे बिनचूक व्हायला हवे. मराठीत आपण जुळ्यांना आवळेजावळे म्हणतो, कन्नडात अवळि-जवळि म्हणतात. या दोन सारख्या गुणसूत्रांना तोच शब्द शोभतो. ही आवळीजावळी वेगळी कशी होतात, हा खरा प्रश्न.

आपल्या शरीरातल्या पेशींची रीत पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. गुणसूत्रे आखडून जाड होतात, मधोमध ओळीने उभी राहतात आणि दोन टोकांकडून आलेले तंतू त्यांना ओढून नेतात. जीवाणूकडे असे काही नाही. केंद्रक नाही, ते तंतू नाहीत, गुणसूत्रे रांगेत उभी राहण्याचा सोहळाही नाही. शिवाय जागेची अडचण.

विरजणातल्या जीवाणूंपेक्षा आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जीवाणूवर अभ्यास पुष्कळ अधिक झाला आहे, म्हणून आकडे त्याचे देतो. त्याची पेशी साधारण दोन मायक्रॉन लांब, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. तिच्यातल्या गुणसूत्रात सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या, आणि ते सरळ केले तर दीड मिलिमीटरहून थोडे लांब. पेशीच्या जवळजवळ आठशे पट! सहा इंची लोट्यात १२० मीटर धागा कोंबावा तसे. नऊवारी लुगडी पंधरा एकापुढे एक अंथरली तर एवढी लांबी भरेल. त्यात हा धागा दोन टोकांचा नसून कड्यासारखा जोडलेला. आता त्याच लोट्यात त्याचे दुसरे कडे तयार करायचे, गुंता होऊ द्यायचा नाही आणि लोटा मधोमध कापायचा. ज्या बायकांनी लोकरीची गुंडी मांजराच्या तावडीतून सोडवली आहे त्यांना या कामाची कल्पना येईल.

नक्कल एका ठराविक जागेपासून सुरू होते आणि दोन्ही बाजूंनी पळत समोरच्या टोकाला जाऊन संपते. वेग सेकंदाला सुमारे हजार अक्षरांचा, तरी पूर्ण वहीला चाळीस मिनिटे लागतात. आणि चांगले खायला मिळाले तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. हे जमते कसे? स्टीफन कूपर आणि चार्ल्स हेल्मस्टेटर यांनी १९६८ मध्ये याचा उलगडा केला. पहिली नक्कल अर्ध्यावर असतानाच तिच्यावर दुसरी सुरू होते. लेक जन्मायच्या आधीच नातीसाठी वही लिहायला घेतलेली असते. नातीच्या लग्नाचे लुगडे लेकीच्या बारशाला घेऊन ठेवणाऱ्या आज्या आपण पाहिल्या आहेत, त्यांतलाच हा प्रकार.

वेगळे होण्याबद्दल पहिली कल्पना फ्रान्स्वा जाकोब, सिडनी ब्रेनर आणि फ्रान्स्वा क्युझँ यांनी १९६३ मध्ये मांडली. दोन्ही गुणसूत्रे पेशीच्या आवरणाला चिकटलेली असतात, मधले आवरण वाढत गेले की ती आपोआप दूर जातात, अशी ती कल्पना. सुटसुटीत होती, त्यामुळे तीसेक वर्षे टिकली. मग १९९० च्या दशकात गुणसूत्राच्या ठरावीक भागाला चकाकणारी खूण बांधून सूक्ष्मदर्शकातून पाहता येऊ लागले. दिसले असे की नक्कल सुरू होण्याची जागा दुप्पट झाली रे झाली की दोन्ही जागा दूर पळतात, आवरणाच्या वाढीपेक्षा कितीतरी जलद. म्हणजे कोणीतरी त्यांना हलवत होते.

अनेक जीवाणूंत हे काम दोन प्रथिने करतात. त्यांची नावे पार-ए आणि पार-बी. पार-बी सुरुवातीच्या जागेजवळ घोळक्याने बसते. पार-ए गुणसूत्रावर सगळीकडे विखुरलेले असते. पार-बीचा घोळका शेजारच्या पार-एला पकडतो आणि पकडता पकडता त्याला तिथून सोडवून टाकतो. मागची वाट अशी मोकळी होते. पुढे अजून पार-ए आहे, म्हणून घोळका पुढेच सरकतो. चढून गेलेली पायरी मागून काढून घ्यावी तसे. तंतू नाहीत, दोर नाहीत, तरी आवळेजावळे एकमेकांपासून दूर जातात.

पण ई. कोलायच्या गुणसूत्राला पार-ए आणि पार-बी नाहीत! सर्वात जास्त अभ्यासलेला जीवाणू नेमका या बाबतीत वेगळा निघाला. त्याच्याकडे धाग्याला लडीसारखे वेटोळे घालणारे एक यंत्र आहे. जपानमध्ये सोता हिरागा यांच्या गटाने रिकाम्या लेकी जन्माला घालणारे बिघडलेले जीवाणू शोधले, त्यातून ते सापडले. बिनकेंद्रकाचे या अर्थाच्या जपानी शब्दावरून त्याचे नाव मुक पडले. मुक धडधाकट असेल तर वही न मिळालेली लेक हजारात एकही सापडत नाही.

त्यातही एक गंमत आहे. २००६ मध्ये सुकजुन जुन आणि बेला मुल्डर या पदार्थवैज्ञानिकांनी गणिताने दाखवले की अरुंद नळीत दोन लांब साखळ्या कोंबल्या तर त्या एकमेकींत मिसळून राहण्यापेक्षा दोन टोकांना वेगळ्या होणेच पसंत करतात. वेगळे राहिल्यावर प्रत्येकीला हातपाय पसरायला जास्त वाव मिळतो म्हणून. एका छपराखाली दोन चुली का होतात याचे हेच कारण आमच्या एका काकांनी फार पूर्वी सांगितले होते, त्यांना गणित येत नव्हते. मात्र सगळे काम यावर भागते, असे आज कोणी म्हणत नाही.

पटकीचा जीवाणू तर आणखी निराळा. त्याच्याकडे एकाऐवजी दोन गुणसूत्रे असतात, एक सुमारे ३० लाख अक्षरांचे, दुसरे ११ लाखांच्या आसपास. दोघांची नक्कल एकदमच सुरू झाली तर धाकटे केव्हाच आवरून बसेल. तसे होत नाही. थोरल्यावर एक विशिष्ट खूण आहे. थोरल्याची नक्कल त्या खुणेपर्यंत पोचली की धाकट्याला निरोप मिळतो आणि मग दोघे जवळपास एका वेळी संपतात. ही खूण शोधणाऱ्यांत अमेरिकेत काम केलेले ध्रुबा चट्टोराज यांचा गट पुढे होता, २०१४ मध्ये. घरात थोरल्याचे ताट वाढल्यावर धाकट्याचे वाढतात, पण उठतात दोघे बरोबर, तसे हे.

वेगळे झाल्यावर भिंत घालायची. पेशीच्या मध्यावर एका प्रथिनाचे कडे बसते, ते आवळत जाते आणि त्याच्या मागोमाग भिंत आत येते. हे कडे भलत्या जागी बसू नये म्हणून दोन पहारे आहेत. एक पहारेकरी मिनिटाभरात या टोकापासून त्या टोकाला अशा येरझारा घालतो, त्यामुळे टोकांना कडे बसत नाही. दुसरा गुणसूत्र पसरले आहे तिथे कडे बसू देत नाही. एवढे करूनही भिंत मिटताना धाग्याचा शेवटचा तुकडा दारात अडकलाच, तर दारातच बसवलेला एक पंप सेकंदाला पाच हजार अक्षरे या वेगाने तो आत ओढून घेतो.

या भिंतीचे एक मोठे काम हैदराबादेतच झाले आहे. गौलीगुड्याहून उप्पलकडे जाताना हबसीगुड्याला सीसीएमबी ही संस्था लागते. पुष्पमित्र भार्गव तिचे संस्थापक. तिथल्या मंजुळा रेड्डी यांनी जीवाणूंची भिंत वाढताना जुने टाके कोण उसवतो हे शोधून काढले. नवा कपडा जोडायचा तर आधीची शिवण उसवावी लागते. ती उसवणारे एन्झाइम नसेल तर जीवाणू वाढूच शकत नाही. या कामासाठी त्यांना २०१९ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

आता मुख्य गाठ. डीएनएचे दोन पदर दोरीसारखे एकमेकांवर पिळलेले असतात. ई. कोलायच्या गुणसूत्रात असे जवळजवळ साडेचार लाख पीळ आहेत. नक्कल करताना दोन्ही पदर वेगळे करायचे म्हणजे हे सगळे पीळ उलगडायचे. धाग्याला मोकळे टोक असते तर टोक फिरवून पीळ काढता आला असता. इथे कडे आहे. पुष्कळसे पीळ गायरेज नावाचे एन्झाइम नक्कल चालू असतानाच काढते. जे राहतात त्यांच्यामुळे तयार झालेली दोन कडी एकमेकांत अडकलेली निघतात. दोन बांगड्या साखळीसारख्या एकमेकींत ओवलेल्या असाव्यात तशा. कितीही ओढा, सुटणार नाहीत. एकच उपाय आहे. एक बांगडी कापायची, दुसरी त्या फटीतून काढायची आणि कापलेली पुन्हा जोडायची. हे काम करणारे एन्झाइम १९९० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधले. त्याचे नाव टोपोआयसोमरेज-चार. नाव विसरलात तरी चालेल, कासार म्हणू या. आपला कासार बांगडी कापून वाढवून देतो, हा कापून सोडवून देतो.

आणि इथे आपल्या औषधांच्या डब्यातली गोळी येते. सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, म्हणजे जुलाब, लघवीची जळजळ, ताप यांवर घरोघर माहीत असलेली ही मंडळी गायरेजवर आणि या कासारावर हल्ला करतात. हल्ल्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. औषध त्याचे काम सुरूच होऊ देत नाही असे नाही. बांगडी कापू देते आणि मग नेमके कापलेल्या जागी जाऊन बसते. जोडणी होत नाही. गुणसूत्राचे तुटके भाग वाढत जातात आणि जीवाणू मरतो. आपल्या पेशींतही कापून जोडणारे असे एन्झाइम आहे, पण त्याची ठेवण वेगळी, म्हणून नेहमीच्या मात्रेत हे औषध त्यात नीट बसत नाही.

या घराण्यातले पहिले औषध, नॅलिडिक्सिक आम्ल, १९६२ मध्ये जाहीर झाले. मलेरियावरचे क्लोरोक्विन बनवताना निघालेल्या एका जोडपदार्थावरून ते सुचले. ते कशावर काम करते हे कळायला मात्र वेळ लागला, कारण गायरेजच मुळी १९७६ मध्ये मार्टिन गेलर्ट यांच्या प्रयोगशाळेत सापडले. कित्येक वर्षे डॉक्टर औषध देत होते, रोगी बरे होत होते आणि औषध नेमके कुठे लागते ते ठाऊक नव्हते. सिप्रोफ्लॉक्सासिन १९८० च्या दशकात आले, जर्मन कंपनीचे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या कृतीला संरक्षण होते, औषधाला नव्हते. २००५ पर्यंत हेच चालले. त्यामुळे वेगळ्या कृतीने तेच औषध बनवणे कायदेशीर होते आणि या कामात हैदराबाद सर्वांत पुढे गेले. बालानगरच्या सरकारी औषध कारखान्यात तयार झालेल्या माणसांनी पुढे आपापले कारखाने काढले. पाश्चात्त्य देशांत महाग असलेली गोळी आपल्या तालुक्याच्या दुकानात काही रुपयांना मिळू लागली. टायफॉइडने महिना महिना अंथरूण धरणारी मुले आठवड्यात उठून बसू लागली. हे उपकार लहान नाहीत.

पण वाटणी बिनचूक असते, त्यातच पुढचा त्रास आहे. गायरेजच्या एका भागात ८३ व्या जागी सेरिन नावाचे एक अमिनो आम्ल असते. औषध बसते ते साधारण तिथेच. गुणसूत्रात एक अक्षर चुकले आणि सेरिनच्या जागी दुसरे काही आले की औषधाची पकड ढिली होते. अशी चूक लाखो-कोट्यवधी जीवाणूंत एखाद्यालाच होते. तो औषधातून वाचतो. मग तो दुप्पट होतो तेव्हा वही अक्षरशः उतरवली जाते, चुकलेल्या अक्षरासकट, आणि दोन्ही लेकींना अख्खी वही मिळते. हजारात एक लेकही त्या वारशाला मुकत नाही. मग कासाराच्या जनुकातही तशीच चूक झाली की औषध जवळजवळ निकामी. भारतात टायफॉइडचे असेच झाले. १९९० च्या दशकात सिप्रोफ्लॉक्सासिनने तो हमखास बरा होई. आज आपल्याकडच्या टायफॉइडवर डॉक्टर त्याचा भरवसा धरत नाहीत, दुसरी औषधे वापरतात.

शिवाय काही जीवाणूंकडे मुख्य वहीखेरीज छोट्या चोपड्या असतात, त्यांना प्लास्मिड म्हणतात. औषधांना दाद न देण्याची कला पुष्कळदा त्यांत लिहिलेली असते. आर-१ नावाच्या अशा एका प्लास्मिडवर ॲम्पिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल वगैरे बऱ्याच औषधांचा प्रतिकार आहे. पेशीत त्याच्या मोजक्याच प्रती असतात, म्हणून नशिबावर सोडून चालत नाही. हे प्लास्मिड स्वतःचा पालु, म्हणजे वाटा, स्वतःच पोचवते. दोन प्रतींच्या मध्ये प्रथिनाच्या कांड्या वाढत जातात आणि दोघींना दोन टोकांकडे ढकलतात. या कांड्या एकमेकींना उलट्या दिशेने टेकून कशा जोडीने वाढतात हे २०१२ मध्ये ज्या संशोधनातून दिसले, त्यात गायत्री पननघाट अग्रभागी होत्या. पुढे पुण्याच्या आयसरमध्ये त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. एवढ्यावरही आर-१चे समाधान होत नाही. ते पेशीत विष आणि उतारा दोन्हींचे हुकूम सोडून ठेवते. विषाचा हुकूम टिकाऊ, उताऱ्याचा लवकर विरणारा. ज्या लेकीला प्लास्मिड मिळाले नाही तिच्याकडे उतारा संपतो, विष उरते आणि ती मरते. वाटणीचा असा कागद आपल्या तहसिलीत अजून कोणी केलेला ऐकला नाही!

आता घरातले. आत्याच्या फडताळात औषधांचा एक डबा आहे, तसा तुमच्याकडेही असेल. त्यात चार गोळ्या उरलेली सिप्रोफ्लॉक्सासिनची पट्टी सापडली तर ती पुढच्या जुलाबाला वापरू नका. बहुतेक जुलाब विषाणूंचे किंवा आपोआप थांबणारे असतात आणि विषाणूकडे हा कासारच नाही. गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे डॉक्टरांनी ठरवावे. कमी नको आणि मनाने जास्तही नको, कारण या घराण्याच्या औषधांनी क्वचित पायाच्या शिरा दुखावतात, वयस्करांत अधिक. आणखी एक गोष्ट आपल्या दहीभात खाणाऱ्या घरांना मुद्दाम सांगतो. सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर घेऊ नये. दुधातले कॅल्शियम गोळीला धरून ठेवते आणि ती रक्तात कमी पोचते. पोट बिघडले म्हणून ताकाबरोबर गोळी देणाऱ्या घरांत औषध अर्धवट लागते. गोळी आणि दही यांत किती वेळ जाऊ द्यायचा ते डॉक्टरांना विचारावे. अम्लपित्तावरच्या पांढऱ्या औषधाचेही असेच.

राहता राहिली मांजरा. बीड जिल्ह्यात पाटोद्याकडच्या बालाघाट डोंगरात उगवते, धाराशिव-लातूरकडून बीदर जिल्ह्यात येते, तिथून तेलंगणात संगारेड्डीकडे जाते. त्या भागात हैदराबादच्या उत्तर-पश्चिमेला पटनचेरू आहे, औषध कारखान्यांचे गाव. तिथल्या सुमारे ९० कारखान्यांचे सांडपाणी जिथे एकत्र शुद्ध होत होते तिथले शुद्ध झालेले पाणी स्वीडनच्या योआकिम लार्सन यांच्या गटाने तपासले आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. त्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन निघाले. गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तात असते त्याच्या कित्येक पट. त्यांच्या हिशेबाने दिवसाला सुमारे ४५ किलो औषध वाहून जात होते. साऱ्या स्वीडनला ते पाच दिवस पुरले असते. २०११ मध्ये त्याच गटाने खालच्या अंगाच्या गाळातल्या जीवाणूंत प्रतिकाराची जनुके भरपूर सापडल्याचे दाखवले. ज्या पाण्यात कासाराचे हात सदा बांधलेले, तिथे हात सोडवायची युक्ती ज्याला सापडली तोच उरणार.

हे पाणी नक्कावागू या ओढ्यातून मांजरेत जाते. ओढा मिळतो तो बीदरच्या खाली, म्हणून आपली गावे वरच्या अंगाला राहिली. पण नदी तिथे संपत नाही. निजामसागर ओलांडून ती नांदेड जिल्ह्याच्या शिवेवर देगलूर-बिलोलीकडे येते, पुन्हा मराठी गावांच्या काठाने वाहते आणि कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. पुढे पटनचेरूचे सांडपाणी नळातून थेट हैदराबादेत अंबरपेठच्या शुद्धीकरण केंद्राकडे वळवण्यात आले, म्हणजे मुसेच्या काठी, गौलीगुड्याच्या खालच्या अंगाला. कारखान्यांच्या सांडपाण्यात कोणते प्रतिजैविक किती चालेल याच्या मर्यादा केंद्र सरकारने २०२० च्या जानेवारीत मसुद्यात छापल्या होत्या. २०२१ मध्ये अंतिम नियम निघाले, त्यांत त्या मर्यादा नव्हत्या.